मासा अजून खाली आहे

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शैला गेली. गॅसवर दूध होतं. मी ते उतरवलं. मग निखिलला फोन केला.

पुढच्या तेरा दिवसांत आमच्या नेरुळच्या फ्लॅटमध्ये जेवढी माणसं आली, तेवढी आधीच्या बावीस वर्षांत आली नव्हती. प्रत्येकाने विचारलं, "कसं झालं?" मी प्रत्येकाला सांगितलं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे एकच उत्तर शंभर जणांना न कंटाळता देण्याची मला सवय आहे. मृत्यूनंतर माणसाचं काय होतं हे सांगणारी पाच पुस्तकं भेट आली. पाचांत एकमत नव्हतं. मी ती विषयवार लावून ठेवली.

चौदाव्या दिवशी कोणी आलं नाही. निखिल आदल्या रात्रीच्या विमानाने बंगळुरूला परत गेला होता. संध्याकाळी सहा वाजता बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरचे हिराजी मढवी उभे होते. काखेत काचेची बरणी होती. बरणीत मासा होता, औषधात जपून ठेवलेला.

"कसं झालं?" असं त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "सर, ह्यांच्यावर एक पुस्तक करायचं हाय. मी सांगतो, तुमी लिवा."

"ह्यांच्यावर म्हणजे कुणावर?"

त्यांनी बरणी माझ्या नाकासमोर धरली. माझ्या करंगळीएवढा मासा, डोळे मात्र वाटाण्याएवढे. पोटाच्या कडेने बारीक बारीक मोत्यांची रांग, शर्टाला बटणं लावावीत तशी. चेहऱ्यावर आश्चर्य, जसं काही आमच्या घरातला पसारा पाहून त्यालाच धक्का बसला होता.

त्या बरणीबद्दल आमच्या सोसायटीत कोणाला काही सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगायला हवं. हिराजी घराबाहेर पडले की बरणी सोबत असते. बँकेत, मतदानाला, नातेवाइकांच्या हळदीला. दवाखान्यात नंबर लावताना ती शेजारच्या खुर्चीवर बसते. हिराजी आमच्या चेअरमनला, खोतांना, "तू" म्हणतात आणि माशाला "ते". वार्षिक सभेत एकदा खोत म्हणाले, "मढवी, ती खुर्ची सभासदांसाठी आहे. बाटली खाली ठेवा." हिराजी म्हणाले, "तू रहा ना उभा. तुला पाय हायेत. ह्यांना हायेत काय?" त्याच सभेत गणपूर्तीला एक माणूस कमी पडत होता. खोत सभा तहकूब करणार एवढ्यात मागून बरणी वर आली. "ह्यांना धरा." सभा सुरू झाली. इतिवृत्तात याचा उल्लेख नाही, पण सही करणाऱ्यांची संख्या आणि हजर असलेल्यांची संख्या आजही जुळत नाही.

गेटवर वॉचमनला मोबाइलमध्ये पाहुण्यांची नोंद करावी लागते. एका नव्या वॉचमनने हिराजींसमोर "पाहुणे : एक" असं भरलं. हिराजी त्याच्यावर भडकले. "पावना कोन? ते इथलेच हायेत."

एका अर्थी ते खरं आहे. आमची इमारत जिथे उभी आहे, तिथे पूर्वी शेजारच्या शिरवणे गावातल्या मढव्यांचं मिठागर होतं. पार्किंगमध्ये बी-सात नंबरच्या जागेवर उभं राहून हिराजी सांगतात, "हितं माझा आजा मिठाची रास लावायचा." आमच्या तळमजल्याच्या भिंतींना कितीही रंग लावा, दोन वर्षांत पोपडे सुटतात. कंत्राटदार बदलून झाले, रंगाची कंपनी बदलून झाली. हिराजी भिंतीला बोट लावून चाटतात आणि म्हणतात, "मीठ हाय. ते जानार कुठं?"

त्यांच्या वडिलांची खाडीत होडी होती. हिराजी मात्र समुद्राची पाहणी करणाऱ्या एका सरकारी बोटीवर नोकरीला लागले. तिथे ते विंच चालवायचे. म्हणजे शेकडो मीटर तारेला बांधलेलं जाळं खोल पाण्यात सोडायचं आणि शास्त्रज्ञांनी सांगितलं की वर ओढायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "मढवी, काय हवं?" बाकीचे लोक भिंतीवरचं घड्याळ मागतात. हिराजींनी बरणी मागितली.

तर ही बरणी घेऊन ते माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसले. मी म्हणालो, "अहो, मी वाईचा. मी मासे खात नाही."

"खायाचं कुठं हाय? लिवायचं हाय."

"मग तुम्हीच लिहा ना."

"माजं अक्षर म्हंजी कुरली चालल्यावानी. एक डांगी हिकडं, एक तिकडं. तुमी शिकल्याले मानूस." कुरली म्हणजे खेकडा, एवढं बावीस वर्षांत मला कळू लागलं होतं.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की माझ्याकडे वेळ फार नाही. निखिलशी ठरलं होतं. दिवाळी झाली की फ्लॅटला कुलूप लावायचं आणि मी बंगळुरूला त्याच्याकडे कायमचं राहायला जायचं. हे सांगितल्यावर हिराजींनी बरणी थोडी फिरवली, म्हणजे मासा माझ्याकडे बघू लागला.

"दिवाळीला आठ म्हैने हायेत," ते म्हणाले. "पुस्तक झालं का जा. आमी कुठं अडवताव? पन अर्धं टाकून जायाचं नाय. शब्द द्या."

मी शब्द दिला. त्या वेळी मी कशालाही हो म्हणत होतो.

पुस्तकाची योजना साधी होती. माशाचा एक दिवस. सकाळी सहाला सुरुवात, संध्याकाळी सातला शेवट. हा मासा सकाळ झाली की समुद्रात खाली जातो, दिवस खोल अंधारात काढतो आणि दिवस मावळला की वर येतो. बस. मी मनात हिशेब केला : बारा-तेरा पानं. पंधरा दिवसांत उरकेल.

"लिवा," हिराजी म्हणाले. "सकाळचे सहा. ते खाली निगाले."

मी लिहिलं.

"आता हे लिवू नका, पन ऐका," असं म्हणून त्यांनी जे सुरू केलं ते सात वाजता संपलं. त्यात जाळ्याची वीण होती, तारेला ग्रीस कोणतं लावायचं ते होतं, बोटीवरचा केरळी स्वयंपाकी आणि त्याचं घरच्यांशी झालेलं भांडण होतं. वहीत एक वाक्य होतं.

"आता हे लिवू नका, पन ऐका" हे हिराजींचं सगळ्यांत आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य "घाई कंची हाय?" या दोन वाक्यांवर आमचं पुस्तक उभं आहे. एप्रिलअखेर मासा पन्नास मीटरवर होता. मे महिन्यात, सगळ्या शाळांना सुट्ट्या असताना, तो कसाबसा शंभरावर पोचला. मी म्हणालो, "हिराजी, दगड टाकला असता तरी आतापर्यंत तळाला गेला असता."

"दगडाला कोन खातं काय? ह्यांना सगळे खातात. कुपा खातो, माकूल खातो, बला खातो. जपून जायाला लागतं."

निखिलचा रोज रात्री आठला फोन यायचा. "बाबा, दिवसभर काय केलंत?" मी सांगायचो, "मासा एकशे दहा मीटरवर आलाय." तो विचारायचा, "बाबा, हा मासेवाला नक्की कोण आहे?"

"मासेवाला नाही. लेखक आहे. लेखनिक मी आहे."

निखिलने मला एका डॉक्टरांचा नंबर पाठवला. मी तो जपून ठेवला.

खरं म्हणजे दिवसभरात मी काही करत नव्हतो. बेडरूमचा पडदा ओढलेला असायचा. सकाळी पोळीवाल्या बाई दोन पोळ्या ठेवून जायच्या, त्यातली एक उरायची. दुपारी मी आडवा पडून पंख्याकडे बघायचो. फक्त साडेपाचला उठून तोंड धुवायचो, केस विंचरायचो आणि बाहेर टेबलाशी येऊन बसायचो, कारण सहाला माणूस मासा घेऊन यायचा आणि माणसासमोर नाही, तर निदान माशासमोर तरी नीट दिसावं असं वाटायचं.

जूनमध्ये मासा दीडशेच्या खाली गेला आणि हिराजी एकदम गंभीर झाले. "आता खरी गंमत. हितून खाली हवा नाय." अरबी समुद्रात तिथे एक असा थर आहे, ते सांगू लागले, की पाण्यात श्वास घेण्यापुरतीही हवा जेमतेम असते. मोठे मासे तिथे फिरकत नाहीत, त्यांना धाप लागते. आणि नेमके तिथेच हे जाऊन बसतात. दिवसभर. हलत नाहीत, फार खात नाहीत, श्वाससुद्धा मोजून घेतात.

"कशाला पण?" मी विचारलं.

"तितं मागं कोन येत नाय ना." मग त्यांनी हवा हुंगली, माझ्या बेडरूमच्या दाराकडे पाहिलं, उठले आणि सरळ आत गेले. पडद्याच्या कड्या खसकन वाजल्याचा आवाज आला. खिडकी उघडली. परत येऊन बसले. "ह्यांना पर्याय नाय, सर. तुमाला खिडकी हाय. लिवा : दीडशे मीटर."

मला राग आला. ते गेल्यावर मी पडदा पुन्हा ओढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा उघडला. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी मी कंटाळलो आणि पडदा राहिला उघडाच.

माशाच्या पोटावरच्या मोत्यांवर आम्ही पूर्ण अकरा दिवस घालवले. ते मोती म्हणजे दिवे. या माशाला मराठीत नाव नाही, कारण आपल्या कोळ्यांनी तो पाहिलाच नाही. किनाऱ्यापासून बोट दीड-दोन दिवस चालवल्याशिवाय तो भेटत नाही. तिथे मात्र इतका आहे की त्याच्याइतका दुसरा मासा त्या पाण्यात नसेल. इंग्रजीत त्याला कंदीलमासा म्हणतात, हे मी पुस्तकात बघून उत्साहाने सांगितलं. हिराजींना ते अजिबात पटलं नाही.

"कंदील कशासाठी लावतात? दिसायला. ह्यांचा दिवा दिसायला नाय. न दिसायला हाय."

"म्हणजे?"

त्यांनी मला माझ्याच घरात जमिनीवर झोपायला लावलं. अडुसष्टाव्या वर्षी. मग बरणी माझ्या तोंडावर, ट्यूबलाइटच्या खाली धरली. "काय दिसतं?"

"काळी सावली."

"बराबर. खालून खानारा वर बगतो, त्याला अशी सावली दिसती. मंग हे काय करतात, वरून जेवडा उजेड येतो तेवडाच पोटाला लावतात. कमी नाय, जास्ती नाय. सावली पुसून जाते. खालच्याला वाटतं, वर काय नाय."

मी जमिनीवरच पडून राहिलो. तेरा दिवस आलेल्या शंभर माणसांसमोर मी कसा बसलो होतो ते मला आठवलं. जेवढं समोरचा बोलेल तेवढंच बोलायचं, जेवढं तो हसेल तेवढंच हसायचं. सगळे निखिलला सांगून गेले होते, "बाबा एकदम नॉर्मल आहेत."

"उठा," हिराजी म्हणाले. "का तळ गाठलाव?"

त्यांना हा मासा भेटला कसा, हेही याच सुमाराला कळलं. अर्थात 'हे लिवू नका' या सदरात. बोटीवर एक यंत्र असतं. ते खाली आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो, आणि त्यावरून खोली किती ते पडद्यावर रेघ दाखवते. हिराजींची पहिलीच फेरी होती. सूर्य मावळत होता. ते सहज त्या पडद्यासमोर उभे होते आणि बघतात तर तीनशे मीटरवरची रेघ वर यायला लागलेली. अडीचशे. दोनशे. दीडशे. खाडीत वाढलेल्या माणसाला तळ वर येण्याचा एकच अर्थ माहीत. सुकती लागली, म्हणजे ओहोटी. आता बोट चिखलात बसणार आणि भरती येईपर्यंत कंबरभर गाळात उभं राहावं लागणार. हिराजी बोटभर ओरडत पळाले. "सुकती लागली! चिखल आयला! नांगर टाका!" कोणी हलेना, तेव्हा त्यांनी कप्तानाच्या खोलीतला पूजेचा नारळ उचलला आणि समुद्राची क्षमा मागून पाण्यात टाकला.

तिथे पाणी दोन हजार मीटर खोल होतं. वर येत होता तो तळ नव्हता. ते मासे होते, करोडो, दिवस मावळला म्हणून वर निघालेले. प्रत्येकाच्या पोटात हवेची एवढीशी पिशवी, आणि आवाज तिला आपटून परत येत होता.

कप्तान भयंकर चिडला. "नारळ कुणाला दिलास?" बोटीवर एक शास्त्रज्ञ मॅडम होत्या. थोड्या वेळाने जाळं वर आलं, तेव्हा त्यांनी त्यातला एक मासा हिराजींच्या तळहातावर ठेवला. "हा घ्या तुमचा चिखल," त्या म्हणाल्या. हिराजी सांगतात, तो क्षणभर निळा पेटला आणि विझला. "तवापासून मी ह्यांना कदी एकेरी बोल्लो नाय."

गणपतीत आम्ही तीनशे मीटर गाठले. वहीत दुपारचे बारा वाजले. आणि मासा थांबला. हिराजी रोज येत, बरणी ठेवत, चहा पीत आणि म्हणत, "लिवा. दुपारचे बारा. ते बसलेत."

"हे काल लिहिलं."

"आज बी बसलेत."

"अहो, वर कधी येणार?"

"घाई कंची हाय? आजून दुपार हाय."

याच दिवसांत आमचं भांडण झालं. हिराजींनी सांगितलं, "आयुष्य लिवा, सात वर्सं." मला शंका आली. करंगळीएवढा मासा, सात वर्षं? ते ठाम. "पुस्तक लिवनारा विंचवर हुता काय? सात म्हंजी सात." माझ्यातला ग्रंथपाल सहा महिन्यांनी जागा झाला. दुसऱ्या दिवशी मी पँट इस्त्री केली, बस पकडली आणि वाशीच्या एका वाचनालयात जाऊन बसलो. तिथे नाही मिळालं. ओळखीच्या एका प्राध्यापिकेला फोन केला. शैला गेली त्या सकाळनंतर मी स्वतःहून कुणाला केलेला तो पहिला फोन. त्यांनी कॉलेजला बोलावलं, तिथे जेवायला थांबवलं, जुन्या गप्पा निघाल्या. चार दिवसांनी मी विजयी होऊन परत आलो. एक वर्ष! जेमतेम एक वर्ष. तेही कसं कळतं, तर माशाच्या कानात एक बारीक खडा असतो आणि त्याच्यावर रोज एक कडं चढतं. झाडाला वर्षाला एक, याला दिवसाला एक.

हिराजींनी कागद डोळ्यांपासून लांब धरून बघितला. "मंग माजं चुकलं," ते म्हणाले. हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. तेव्हा मला ते त्यांच्या मनाचा मोठेपणा वाटलं.

दिवाळी झाली. निखिलने रविवारच्या विमानाचं तिकीट पाठवलं. मी दोन बॅगा भरल्या. गुरुवारी हिराजी सहाला आले नाहीत. सव्वासहा झाले. साडेसहा. मी टेबलाशी बसून होतो, पेन उघडून. शेवटी मी उठलो आणि तीन मजले उतरून त्यांच्या दारात गेलो.

त्यांच्या सुनेने, प्रमिलाने, दार उघडलं. मुलगा जहाजावर असतो, घरात सासरा आणि सून दोघंच. "या ना सर! बाबा दातवाल्याकडं गेलेत. दाढ काडायची हाय. पुस्तकाचं काम हुतं का? थांबा, वही देते." मी काही बोलायच्या आत ती आत गेली आणि एक जाड निळी वही घेऊन आली. "हीच ना?"

ती आमची वही नव्हती. मी उघडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'सकाळचे सहा. ते खाली निगाले.'

अक्षर सुंदर होतं. सरळ, टपोरं, एकही खाडाखोड नाही. पानोपानी चित्रं, पोटावरच्या दिव्यांची, नराच्या आणि मादीच्या शेपटीची, जाळ्याची. 'हे लिवू नका' म्हणून सांगितलेलं सगळं त्यात लिहिलेलं होतं. नारळसुद्धा. एकेचाळिसाव्या पानावर : 'आयुष्य एक वर्स. मॅडमनी कानातला खडा दाखवला, रोजचं एक कडं.'

"बाबांनी हे कधी लिहिलं?"

"आई गेल्या ना, त्या वर्षी. धा म्हैने खोलीतनं भायेर नाय आले. नुसतं लिवत बसायचे."

हिराजींची बायको जनाबाई शिरवण्याच्या बाजारात मासे विकायची. सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मी भेटायला आलो होतो. याच खोलीत, याच सोफ्यावर बसून मी विचारलं होतं, "कसं झालं?" नंतर तेराव्याला येऊन गेलो. चौदाव्या दिवशी आलो नव्हतो.

मी शेवटचं पान काढलं. 'सांजचे सात. ते वर आयले. मी पन आयलो. वर कोन नवतं.'

वही प्रमिलाला परत दिली. "ही ती नाही," मी म्हणालो. "मी वही पाहिली हे त्यांना सांगू नकोस."

शुक्रवारी सहाला हिराजी आले. गाल सुजला होता, तोंडात कापूस होता. त्यांनी चहा नको म्हणून हाताने खूण केली. हॉलमध्ये ठेवलेल्या बॅगांकडे बघितलं. मग बरणी टेबलावर ठेवली, नेहमीसारखी फिरवली नाही. मासा भिंतीकडे तोंड करून राहिला.

"सर," ते कापसातून म्हणाले, "परवा तुमचं इमान. लय रखडवलं मी. आज ह्यांना वर आनू. लिवा. सांजचे सहा."

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"सहा कसे वाजतील? कानातल्या खड्याचं राहिलंय."

"ते लिवलं ना. तुमीच शोदून आनलं."

"एकच वाक्य लिहिलंय. वर्षाची साडेतीनशे कडी असतात, हिराजी. अशी एका वाक्यात नाही उरकता येत. एकेक घ्यायला लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर बॅगांकडे. नंतर पुन्हा माझ्याकडे, बराच वेळ.

"प्रमिलानं काय दिलं तुमाला?"

"काही नाही. चहा विचारला, मी घेतला नाही."

"आनि इमान?"

"सकाळी निखिलला फोन केला. म्हटलं, अर्धं टाकून येणार नाही, शब्द दिलाय. तो म्हणाला, बाबा, मासा कुठपर्यंत आलाय? मी म्हटलं, आहे तिथेच आहे. तो म्हणाला, मग मीच येतो तिकडे, सुट्टीत."

हिराजींनी तोंडातला कापूस काढून रुमालात बांधला. बरणी उचलली, काच बाहीने पुसली आणि माझ्याकडे तोंड करून ठेवली.

"मंग घाई कंची हाय," ते म्हणाले. "च्या टाका. आता हे लिवू नका, पन ऐका."

शैलाला जाऊन आता वर्ष झालं. बेडरूमची खिडकी उघडी असते. सोमवार, बुधवार मी वाशीला वाचनालयात जातो. हिराजी सहाला येतात. वहीत चौथं प्रकरण चालू आहे. दुपारचे दोन वाजले आहेत आणि मासा तीनशे मीटर खाली आहे.